तबकडी संगणकाला जोडताना

आईच्या माहेरी, पेणला, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत गाण्याच्या जुन्या तबकड्या होत्या. घर विकायचे ठरले तेव्हा त्या नव्या मुंबईत, आमच्या नेरूळच्या घरी आल्या. त्यांतली एक तबकडी बाकीच्यांहून वेगळी होती. तिच्यावर 'यंग इंडिया' असे नाव छापलेले होते आणि गाणारी होती आईची सख्खी मावशी. मावशी काही नावाजलेली गायिका नव्हती. लग्नाआधी, १९४०च्या दशकात, मुंबईत तिची दोन भावगीते तबकडीवर घेतली गेली. पुढे लग्न झाले आणि गाणे घरापुरते राहिले. तिच्या आवाजाची खूण म्हणजे ही एकच तबकडी.

मी पदार्थविज्ञानात संशोधन करते. मोजमापे घेणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे ही तबकडी संगणकात उतरवून घेणे मला एका सुटीच्या दिवसाचे काम वाटले. ७८चा वेग असलेला एक जुना रेकॉर्ड प्लेअर मिळवला, वायर आणून तो संगणकाला जोडला आणि दोन्ही गाणी भरून घेतली. खरखर फार होती. ती सॉफ्टवेअर वापरून पुसून टाकली. फाइल लहान व्हावी म्हणून तिची एमपी३ केली आणि मूळची मोठी फाइल काढून टाकली. संध्याकाळी आईला गाणे ऐकवले.

आईने डोळे मिटून सगळे ऐकले. मग म्हणाली, "अगं, आवाज मावशीचाच आहे. पण ती इतक्या वरच्या पट्टीत गात नसे. आणि तिचा तंबोरा कुठे गेला?"

या दोन वाक्यांत आईने माझ्या दोन चुका दाखवून दिल्या. त्यांपैकी एक मला दुरुस्त करता आली. दुसरी आजतागायत करता आलेली नाही. या दोन चुकांमधला फरक कशात आहे हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पण तो समजून घ्यायचा तर तबकडीचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

खाचेत काय असते?

थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्यात फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे आणि आवाजाने थरथरणारी सुई त्यावर खोल-उथळ खाच उमटवत असे. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी घेतली आणि सुईला वरखाली न हलवता डावी-उजवीकडे हलवले. खाच नागमोडी झाली. सपाट तबकडीचा मोठा फायदा असा, की एका साच्यावरून तिच्या हजारो प्रती दाबून काढता येतात. फोटोग्राफीत निगेटिव्हवरून प्रती काढाव्यात तसेच हे.

दहा इंची तबकडीवर ही खाच बाहेरून आत सरकत जाणारी एकच सलग रेघ असते. तिची लांबी किती असेल? वर्गात मुलांना काढायला सांगण्यासारखे हे गणित आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते आणि सुमारे सव्वातीन मिनिटे वाजते, म्हणजे साधारण २५० फेरे झाले. सर्वांत बाहेरच्या फेऱ्याची त्रिज्या सुमारे १२ सेंमी, आतल्याची ५ सेंमी. सरासरी साडेआठ धरली तर एका फेऱ्याचा परीघ सुमारे ५३ सेंमी येतो. २५० फेऱ्यांचे झाले १३३ मीटर. एवढ्या लांबीच्या नागमोडी वाटेवर एक अख्खे गाणे लिहिलेले असते. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर वाट सरकते, शेवटी त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून गाण्याच्या अखेरीस बारीक, तीव्र आवाज थोडे बोथट होतात.

मेणापासून लाखेपर्यंत

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात भारतीय गायकांचे आवाज तबकडीवर घेतले. त्या गायकांत गौहर जान होती. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या जाड तबकडीवर खाच कोरायची. ही मेणाची तबकडी जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे प्रती निघायच्या आणि त्या विकायला हिंदुस्थानात यायच्या. गाणे संपताच गायक आपले नाव सांगत असे. अनोळखी भाषेतल्या गाण्यावर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा हे कारखान्यातल्या माणसांना त्यावरून कळे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्या दाबण्याचा कारखाना सुरू झाला.

तबकडीचा कच्चा माल तर आपल्याकडचाच होता. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जी राळ सोडतात तिच्यापासून चपडा लाख होते. सुतार लाकडाला पॉलिश करण्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवतो तीच ही लाख. तबकडीत लाख तशी कमीच असे. बाकी दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी. लाख हे सगळे धरून ठेवी. ही रचना लक्षात ठेवली की तबकडीशी कसे वागायचे ते आपोआप कळते. लाख ठिसूळ असते, म्हणून तबकडी पडली की फुटते. उन्हात मऊ होते, म्हणून वाकते. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून ७८ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड एवढे पुरते. मधला कागद मात्र भिजू द्यायचा नाही.

दगडाची पूड कशासाठी? जुन्या ग्रामोफोनची सुई पोलादी असे आणि आवाजाच्या डबीसकट तिचा भार शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पडे. एवढ्या भाराखाली टिकण्यासाठी तबकडी कठीण हवी. पूड सुईला कानशीसारखी घासून खाचेच्या आकाराची करी आणि मग ती सुई टाकून द्यायची. प्रत्येक बाजूला नवी सुई, असा नियमच होता. सगळे तो पाळत नसत. आपल्याला ऐकू येणारी खरखर काही अंशी या पुडीची आहे आणि काही अंशी अशा काटकसरीची.

१९२५ साली अमेरिकेत मायक्रोफोन आणि विवर्धक वापरून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि काही वर्षांत ते आपल्याकडेही आले. आता कर्ण्यात ओरडण्याची गरज राहिली नाही. हळू, नाजूक आवाजही तबकडीवर येऊ लागला. मराठी भावगीताला ही सोय फार मानवली. १९३५ मध्ये मुंबईत 'नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' निघाली. 'यंग इंडिया' हे तिच्या तबकड्यांचे नाव. १९५५ मध्ये ती बंद पडली. वीस वर्षांत तिने सुमारे दहा हजार गाणी आणि इतर मुद्रणे काढली. मोठे कलाकार बहुधा इतर कंपन्यांकडे करारबद्ध असत, त्यामुळे 'यंग इंडिया'च्या तबकड्यांवर हौशी आणि होतकरू गायक जास्त आढळतात. आईच्या मावशीसारख्या मुलींना तिथेच दार उघडे होते. पण या तबकड्यांवरची गाणी पुढे कॅसेटवर किंवा सीडीवर आली नाहीत. त्यामुळे अशी एखादी तबकडी फुटली तर बहुतेक वेळा दुकानात तिचा पर्याय नसतो.

७८ म्हणजे नक्की किती?

आता माझी पहिली चूक. आईने पेटी काढली आणि गाण्यातला षड्ज शोधू लागली. मावशी काळी चारमध्ये गायची, असे तिला पक्के आठवत होते. संगणकातला षड्ज काळी चारच्या वर होता, पण पांढरी सहापर्यंत पोचत नव्हता. दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी घोटाळत होता. आमची पेटी आणि मावशीची पेटी अगदी एका सुरात असतील असे नाही, पण एवढा फरक संशयाला पुरेसा होता.

मी प्लेअरच्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि १०० फेऱ्यांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. ७८च्या वेगाला ७६.९ सेकंद लागायला हवेत. लागले ७३.६ सेकंद. म्हणजे थाळी मिनिटाला साडेएक्क्याऐंशी फेरे घेत होती, वेग साडेचार टक्के जास्त होता. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाताना कंप्रता सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. म्हणजे मावशीचा आवाज पाऊण पट्टी वर चढला होता. गाणे तेवढे जलद झाले होते आणि आवाज तेवढा पोरसवदा.

हे मी आधी मोजले नाही याची मला लाज वाटली. पण वेगाच्या बाबतीत चकणारी मी पहिली नव्हे. फ्रान्समध्ये एदुआर-लेओं स्कॉत द मार्तिनव्हील याने १८५७ मध्ये एक यंत्र केले होते. काजळी धरलेल्या कागदावर ते आवाजाची रेघ काढी. ती वाजवण्याची कल्पना त्यालाही नव्हती, आवाज डोळ्यांनी पाहणे एवढाच हेतू होता. त्याने ९ एप्रिल १८६० रोजी काढलेली एक रेघ २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने आवाजात बदलली. एक मुलगी लोकगीत गाते आहे असे वाटले आणि जगभर बातमी झाली. कागदावर गाण्याच्या रेघेशेजारी ध्वनिकाट्याची रेघही होती. वेग तिच्यावरूनच ठरवला होता. पण त्या काळी फ्रान्समध्ये जाणे एक कंपन आणि येणे दुसरे कंपन, असे मोजत. म्हणजे ५०० कंपने सांगितली तर आपल्या हिशेबाने ती २५०च. वेग दुप्पट झाला होता! २००९ मध्ये तो निम्मा केल्यावर मुलीच्या जागी सावकाश गाणारा पुरुष ऐकू आला. बहुधा तो स्कॉत स्वतःच.

ही चूक सुधारता आली, कारण कागदाची मूळ प्रतिमा जशीच्या तशी जपलेली होती. वेग हा फक्त एक गुणक आहे. चुकीच्या आकड्याने गुणले असेल तर भागून परत येता येते. मीही संगणकात ८१.५ ऐवजी ७८ धरून गाणे पुन्हा वाजवले. षड्ज काळी चारवर येऊन बसला. आई म्हणाली, "हं, आता आली मावशी."

इथे शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात '७८' हा आकडा ठरलेला नव्हता. सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी तबकड्या भरल्या जात. पुढे विजेच्या मोटारी आल्यावर आकडा स्थिर झाला, तोही दोन प्रकारे. अमेरिकेत विजेची कंप्रता ६० हर्ट्‌झ, तिथे तो ७८.२६ झाला. आपल्याकडे आणि युरोपात ५० हर्ट्‌झ, इथे ७७.९२. हा विचित्र अपूर्णांक येतो ७७ या आकड्यामुळे. थाळीवर ठेवायच्या कागदी चकतीच्या कडेला सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा काढा आणि चकती चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवा. ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. थाळी बरोबर ७७.९२च्या वेगाने फिरत असेल तर दर उजळण्याला प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा स्थिर दिसतात. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकताना दिसल्या तर वेग जास्त, उलट दिशेने सरकल्या तर कमी. पुष्कळशा एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग जमत नाही. का जमत नाही हे मुलांना विचारता येईल.

सुई आणि वायर

तबकडी आणि संगणक यांच्यामध्ये काय काय असते? पहिली सुई. १९४८ मध्ये एलपी आली तेव्हा खाच खूप अरुंद झाली. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे २५ मायक्रॉन, ७८ला मात्र ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन तिथल्या धुळीत खडखडत राहते. पुष्कळांच्या घरच्या प्रयत्नात खरखर जास्त येते ती यामुळे. आणि हौसेने जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर तबकडी लावणे म्हणजे तर खाच तासून काढणे. अशा झिजेची भरपाई कोणताही संगणक करू शकत नाही.

दुसरी वायर आणि तिच्यातून येणारा विद्युतदाब. जुन्या सुटसुटीत प्लेअरमध्ये स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे काडतूस असे. दाबल्यावर वीज देणारा हा पदार्थ व्होल्टच्या काही दशांशांएवढा दाब देतो. चुंबकी काडतूस जास्त नाजूक, पण ते देते जेमतेम पाच मिलिव्होल्ट. संगणकाला हवा त्याच्या सुमारे शंभरपट. म्हणून मध्ये फोनो विवर्धक लागतो. प्लेअरमधून येणारी अर्थची बारीक तार विवर्धकाला जोडली नाही, तर गाण्याखाली ५० हर्ट्‌झचा घुंकार ऐकू येतो.

विवर्धक आणखी एक काम करतो. मंद्र आवाजात सुई फार रुंद झोके घेते, शेजारच्या खाचेत शिरेल इतके. म्हणून तबकडी भरताना मंद्र आवाज मुद्दाम कमी करतात. बारीक आवाज खरखरीत बुडू नयेत म्हणून ते वाढवतात. वाजवताना विवर्धक याच्या बरोबर उलट करतो. १९५४ मध्ये यासाठी एक प्रमाण ठरले. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे आपले आपले माप असे. त्यामुळे १९४०ची तबकडी आजच्या विवर्धकातून ऐकली तर बारीक आवाज दबलेले वाटतात. हाही एक गुणकच, कंप्रतेनुसार बदलणारा. किती कमीजास्त झाले ते माहीत असेल तर संगणकात तो उलटा लावता येतो.

एकेरी आवाजाची तबकडी असली तरी जाणकार तिचे मुद्रण स्टिरिओ काडतुसाने, दोन वाहिन्यांत घेतात. खाचेच्या दोन भिंती दोन वाहिन्यांत येतात. एक भिंत जास्त झिजलेली असेल तर दुसरी वापरता येते. दोन्ही चांगल्या असतील तर त्यांची बेरीज करून वरखाली हलण्यातून आलेला गोंगाट कमी करता येतो. पण हा निर्णय नंतर घ्यायचा, मुद्रण करताना नव्हे.

आवाजाचे आकडे

वायरमधून येणारा विद्युतदाब सतत कमीजास्त होत असतो. संगणकाला कळतात ते आकडे. म्हणून दर सेकंदाला ठरावीक वेळा हा दाब मोजून आकडा लिहून ठेवायचा. ही कल्पना अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने १९३७ मध्ये टेलिफोनसाठी मांडली. पण किती वेळा मोजायचे? हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कामातून त्याचे उत्तर मिळाले. जी सर्वांत तीव्र कंप्रता पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेळा. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, म्हणजे सेकंदाला ४०,००० पेक्षा जास्त मापे हवीत. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर ४४,१०० मापे असतात. हा आकडा आला कुठून? सुरुवातीला हे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिकी पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी आणि ओळीत ३ मापे. ६० × २४५ × ३ = ४४,१००. आपल्या पद्धतीत ५० × २९४ × ३, तेही ४४,१००च.

प्रत्येक माप किती बारीक असावे हा दुसरा प्रश्न. ८ बिटांत २५६ पायऱ्या, १६ बिटांत ६५,५३६. घरगुती संगणकांसाठी १९८९ मध्ये निघालेले साउंड ब्लास्टर कार्ड ८ बिटांचे होते, १९९२ मध्ये १६ बिटांचे आले. २००० साली ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर निघाले आणि तबकडी घरच्या संगणकात उतरवणे कोणालाही शक्य झाले. आज ध्वनिसंग्रहालये बहुधा सेकंदाला ९६,००० मापे आणि २४ बिट वापरतात. तीन मिनिटांच्या दोन वाहिन्यांना ९६,००० × ३ बाइट × २ × १८० सेकंद, म्हणजे सुमारे १०४ मेगाबाइट जागा लागते. पेन ड्राइव्हच्या आजच्या भावात ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

आकड्यांचा खरा फायदा नकलेत आहे. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, असे केले की दर वेळी खरखर वाढते. आकड्यांची नक्कल मात्र मुळाबरहुकूम होते, शंभरावी सुद्धा. पण नक्कल मुळाबरहुकूम होते म्हणूनच मुळातली चूकही शंभरदा तशीच उतरते.

तंबोरा कुठे गेला?

आता दुसरी चूक. खरखर पुसणारे सॉफ्टवेअर आधी विचारते, "नुसती खरखर कुठे आहे ते दाखवा." तिथे ते प्रत्येक कंप्रतेला किती आवाज आहे ते मोजते आणि मग साऱ्या गाण्यात त्या त्या कंप्रतेचा तेवढा आवाज खरखर समजून दाबून टाकते. मी गाणे सुरू होण्याआधीचा एक सेकंद दाखवला. पण त्या सेकंदात नुसती खरखर नव्हती. तिच्याखाली अगदी हळू तंबोरा सुरू झाला होता. यंत्राने तंबोऱ्यालाही खरखर मानले. तंबोरा तर गाणे संपेपर्यंत त्याच कंप्रतांवर वाजणार! त्यामुळे साऱ्या गाण्यातून तो गेला. त्याच्याबरोबर मावशीचे श्वास आणि शब्दांची विरत जाणारी टोकेही गेली. वर एमपी३ करताना, कानाला जाणवणार नाहीत असे ठरवून संगणकाने आणखी काही बारकावे टाकून दिले.

हे भागाकार करून परत आणता येत नाही. एखाद्या आकड्याला शून्याने गुणले की मूळ आकडा कोणता होता हे उत्तरावरून कळत नाही, तसे हे आहे. पुन्हा तबकडी वाजवणे हा एकच उपाय होता. पण मुद्रण झाल्यावर मी ती पुस्तकांना टेकवून टेबलावर उभी ठेवली होती. त्याच आठवड्यात खुर्ची सरकवताना धक्का लागला आणि तिचे तीन तुकडे झाले. आई एक शब्द बोलली नाही. तुकडे तिनेच उचलून कागदात गुंडाळले.

मुंबईत झालेले काम

माझ्याकडून एका तबकडीच्या बाबतीत जे झाले नाही ते काहीशे तबकड्यांच्या बाबतीत करणारे लोक खाडीपलीकडे मुंबईतच होते. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली. तिचे मानद सचिव डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होते. संस्थेने तबकड्या ऐकण्याचे कार्यक्रम केले, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढले, संग्राहकांना एकत्र आणले. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या, नष्ट होऊ घातलेल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून 'यंग इंडिया'च्या काहीशे तबकड्या संगणकात उतरवण्यात आल्या. नंतर ओडियन कंपनीच्या भारतीय तबकड्यांसाठीही असे काम झाले.

यात शिकण्यासारखी गोष्ट अशी, की नुसता आवाज उतरवला नाही. तबकडीवरचे कागद, पाकिटे, कंपनीच्या याद्या यांचीही छायाचित्रे घेतली. क्रमांक, गायकाचे नाव, गाण्याचा प्रकार ही माहिती नसेल तर संगणकातली फाइल म्हणजे नाव न लिहिलेल्या बरणीसारखी. आत काय आहे ते उघडूनच पाहावे लागते आणि उघडूनही कळेल असे नाही.

तुमच्या शाळेतल्या कपाटात

आता हिशेब मांडू. वेग चुकला, बारीक आवाज दबले, दोन वाहिन्यांची बेरीज राहिली, तर हे सारे नंतर दुरुस्त होते. चुकीची सुई लावली, आवाजाची पातळी इतकी वाढवली की लाटांचे शेंडे कापले गेले, खरखर पुसून त्यावरच फाइल साठवली, मूळ फाइल टाकली किंवा तबकडी फोडली, तर ते परत येत नाही. म्हणून नियम सोपा आहे. पहिली फाइल जशी उतरली तशीच ठेवायची, खरखरीसकट. पुसापुशी तिच्या नकलेवर. कोणती सुई, कोणता वेग, कोणता विवर्धक, कोणता दिवस हे लिहून फाइलीबरोबर ठेवायचे. आणि काम झाले म्हणून तबकडी रद्दीत द्यायची नाही. उद्या आपल्यापेक्षा चांगली सुई आणि आपल्यापेक्षा शहाणा माणूस येणार असतो. आपण प्रयोगवहीत कच्ची निरीक्षणे खोडत नाही, चुकीची वाटली तरी. मुलांना हे आपणच शिकवतो. मी ते गाण्याच्या बाबतीत विसरले.

जुन्या शाळांच्या कपाटांत, ग्रंथालयांच्या माळ्यांवर, गावातल्या एखाद्या हौशी माणसाच्या घरी अजून तबकड्या असतात. मुलांना त्या शोधायला सांगा. वाजवण्याची घाई नको. आधी नुसती यादी करा. कंपनीचे नाव, क्रमांक, गायक, भाषा, तबकडी धड आहे की तडकलेली. कागदाचे छायाचित्र घ्या. त्या उभ्या ठेवा, सावलीत, कोरड्या जागी, आणि कलू देऊ नका. एवढे काम सातवीचा वर्ग एका शनिवारी करू शकेल. आवाज उतरवण्याचे काम जाणकाराच्या मदतीने नंतर करता येईल.

मावशीच्या तबकडीचे तीन तुकडे मी कापूस घालून चपट्या डब्यात ठेवले आहेत. अमेरिकेत बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुई न लावता, खाचेची छायाचित्रे घेऊन आवाज काढण्याची पद्धत विकसित झाली आहे. तिने फुटक्या तबकड्याही वाचता येतात. ती आपल्या आवाक्यात कधी येईल ते सांगता येणार नाही. तोपर्यंत आई योग्य पट्टीतले, तंबोऱ्याविना गाणे ऐकते. कधी कधी पेटीवर षड्ज-पंचम धरून बसते आणि गाणे सुरू कर म्हणते.